आत्याचं उणं कोणी सांगायचं?

आमच्या गावात टोपल्या विणणारी एकच बाई होती. सगळं गाव तिला आत्या म्हणायचं, आणि ती सख्खी आत्या कोणाचीच नव्हती. नवरा लवकर गेला. पुढे मुलगा आणि सून एकाच तापात गेले. मागे राहिली तान्ही नात. आत्याने तिला टोपलीत झोपवलं, शेजारी बसून दुसरी टोपली विणली, आणि असंच करत तिला शाळेच्या शेवटच्या वर्गापर्यंत आणलं.

मी मातीकाम करणारा माणूस. मातीकामात कुदळ आपली, फावडं आपलं, पण दिवस जातो तो टोपलीवर. टोपली वाईट असली तर माती वाटेतच गळते आणि खेप फुकट जाते. आत्याची टोपली गळत नसे. बुडाला बांबूच्या जाड कामट्या, अंगाला बारीक, काठाला दुहेरी पीळ. विकण्याआधी ती टोपली पालथी घालायची आणि स्वतः तिच्यावर उभी राहायची. बूड जरा जरी करकरलं तरी ती टोपली गिऱ्हाइकाला मिळत नसे. "मी उभी राहिले तर तुझी माती काय चीज आहे," म्हणायची. अंगाने ती तेव्हा चांगली भरलेली होती.

विणताना ती जमिनीवर बसायची. दोन गुडघ्यांत बूड घट्ट धरायचं, दोन्ही हातांनी कामटी फिरवायची. टोपलीवाल्याचे गुडघे म्हणजे त्याचा चिमटा, असं तीच सांगायची. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढचं सगळं त्या गुडघ्यावर आलं.

पूर आला तो भर दुपारी. आधी शेतं गेली, मग खालची आळी. आम्ही सगळे शाळेच्या गच्चीवर चढलो. आत्याही नातीला घेऊन आली होती. तेवढ्यात तिला आठवलं की बांबू चिरायचा कोयता घरीच राहिला. कोणी अडवायच्या आत ती परत गेली. येताना पाण्यातून वाहत आलेला एक ओंडका तिच्या पायावर बसला. आम्ही दोरी घेऊन पोचलो तेव्हा ती एका पडक्या भिंतीवर बसली होती. हातात कोयता, आणि तोंडाने पाण्याला शिव्या.

"आत्या, कोयत्यासाठी जीव घालवता का?" मी म्हणालो.

"जीव वाचला आणि कोयता गेला तर त्या जिवाचं काय लोणचं घालू? ओढ दोरी."

पाणी ओसरलं. घरं उभी राहिली, काही अर्धी, काही वाकडी. आत्याचा गुडघा मात्र पूर्वीसारखा झाला नाही. तो वाकेना. पण हे तिने कोणाजवळ कबूल केलं नाही. रस्त्याने ती ताठ चालायची, जरा सावकाश, जशी एखादी मानाची बाई चालते तशी. घरात भिंत धरून चालायची, हे नंतर तिच्या नातीकडून कळलं.

पहिले काही आठवडे सगळ्या गावाची चूल शाळेत पेटली. मग सरकारी योजना आली. तिचा नियम सोपा होता. ज्या घरात कष्टाला हात आहेत त्या घराला नदीच्या बांधावर काम आणि त्याची मजुरी. ज्या घरात असे हात नाहीत, म्हणजे म्हातारं माणूस, आजारी, बाळंतीण, शाळेतलं पोर, त्या घराला कामाशिवाय दरमहा तेवढीच मदत. पुढचं पीक हाती येईपर्यंत. फुकट घेणं मला आवडत नाही. पण हात नसलेल्या घराने घेतलं तर ते फुकट नव्हे, एवढं मलाही समजत होतं. बांध सगळ्यांचा, तसा पूरही सगळ्यांचाच होता.

कोणाच्या घरात हात आहेत आणि कोणाच्या नाहीत, हे ठरवायला एक ताई आली. तालुक्याहून यायची. वयाने तरुण, चपला चिखलाने भरलेल्या, बोलणं गोड. घरोघर जायची, घर बघायची आणि लगतच्या शेजाऱ्यांना विचारायची. शेजारी सांगतील ते धरायचं, असा तिचा नियम. नियम चांगलाच होता. फक्त तो करणाऱ्याला आमचं गाव माहीत नव्हतं.

आमच्या गावात परक्यासमोर आपल्या माणसाचं उणं काढत नाहीत. आपापसात काय वाटेल ते बोलतील, एकमेकांची सात पिढ्यांची धुणी धुतील. पण बाहेरचं कोणी समोर आलं की अख्खं गाव गुणी होतं. सोयरीक जुळवायला पाहुणे आले की आमच्या ठार बहिऱ्या काकांना आम्ही 'कमी बोलणारे, विचारी' म्हणतो. रोज उधार मागणाऱ्याला 'दिलदार' म्हणतो. हे कोणी शिकवत नाही. जीभ आपोआप तशी वळते.

पाहणीच्या दिवशी मी कामावर होतो. झालं ते मला दोघातिघांनी सांगितलं, आणि प्रत्येकाने फुशारकीने सांगितलं.

ताईने आत्याच्या लगतच्या दुकानदाराला विचारलं, "आजींना काम झेपेल का हो?"

"आत्यांना?" दुकानदार हसला. "अहो ताई, पोलाद आहे पोलाद! माझ्या दुकानातलं पोतं त्या एका हाताने सरकवतात."

पलीकडचा शिंपी मागे राहणार थोडाच? "त्यांची चाल बघा तुम्ही. तरणी पोरं मागे पडतात."

तिसरं लगतचं घर गिरणवालीचं. ती त्या वेळी गिरणीत होती, म्हणून तिला विचारायचं राहिलं.

मग ताई आत्याकडे गेली. आत्याने तिच्यासाठी खुर्ची ओढली, पाण्याने भरलेली कळशी एका हाताने उचलून पेला भरला आणि स्वतः उभीच राहिली.

"आजी, पुरात गुडघ्याला लागलं होतं म्हणे?"

"गुडघ्याला? छे. दोन आहेत माझ्याकडे."

ताई हसली. पाणी प्यायली. गेली. संध्याकाळपर्यंत शिंपी दहा जणांना सांगत होता की आपण आत्याचं नाव कसं राखलं.

दोन दिवसांनी शाळेच्या ओट्यावर कोणाला काय मिळालं ते वाचून दाखवलं. कामाशिवाय मदत मिळणारी घरं आधी वाचली. त्यात आत्याचं घर नव्हतं. मग बांधावर येणारे वाचले. त्यात आत्या होती. दुकानदार चपलेचा अंगठा तपासू लागला. शिंप्याचा चेहरा कच्ची शिवण उसवावी तसा झाला.

"अरे," तो हळूच म्हणाला, "ते त्यासाठी विचारत होते होय?"

आत्या पुढे झाली, मुकादमाकडून कुदळ घेतली आणि विचारलं, "किती वाजता यायचं?"

बांधावर प्रत्येकाला आपला खड्डा नेमून दिलेला असायचा. त्यातली माती काढायची आणि बांधावर टाकायची. जेवढा खड्डा, तेवढी मजुरी. मला हे माप नेहमीच आवडलं. यात कोणी कोणाला फसवू शकत नाही. पण मापाला गुडघा दिसत नाही.

आत्याचा खड्डा माझ्या शेजारी होता. माती खणताना माणूस गुडघ्यात वाकतो आणि कुदळीचा भार कमरेवरून पायात उतरतो. आत्या तो पाय लाकडासारखा बाजूला पसरून सगळा भार खांद्यावर घ्यायची. कुदळ अशी चालवलेली मी आयुष्यात पाहिली नव्हती, पुन्हा पाहायची इच्छाही नाही. जिथे माझे चार घाव पुरायचे तिथे तिला दहा लागायचे. पण ते दहाही ती मोजून मारायची, एकही वाया नाही.

ती पाणी प्यायला गेली तेव्हा मी माझ्या दोन टोपल्या तिच्या बाजूला ओतल्या. ती आली, मातीकडे बघितलं आणि फावड्याने ती सगळी माझ्याकडे परत ढकलली.

"आत्या, माती ती मातीच."

"तुझी ओली आहे. माझी कोरडी. मला काय आंधळी समजतोस?"

"कोण बघतंय?"

"मी बघतेय ना."

मी मुकादमाशी बोललो. पाणी वाटायचं हलकं काम मागितलं. पण पाणी वाटणाऱ्याला बांध दिवसभर चढायचा असतो. पोरं सांभाळायचं काम दोन पोटुशा बायांना दिलं होतं, आणि ते योग्यच होतं. आत्याचा खड्डा संध्याकाळी अर्धाच व्हायचा. अर्धा खड्डा, अर्धी मजुरी. त्यात दोन माणसांचं घर चालत नाही. टोपल्या विणाव्यात म्हटलं तर गुडघ्यात बूड धरता येत नव्हतं.

शहरात तिच्या नवऱ्याच्या चुलतभावाचा मुलगा होता. त्याचा निरोप आला. घर बंद करा आणि दोघी इकडे या. जिन्याखाली जागा आहे. पोरगी माझ्या कारखान्यात पाकिटं भरेल. माणूस वाईट नव्हता. पण नातीची शेवटची परीक्षा तोंडावर होती, आणि मास्तर म्हणत होते की ही पोरगी पास झाली तर पुढे नर्सचं शिक्षण फुकट मिळेल. शाळा आत्ता सोडली तर ते सगळं गेलं.

आत्याने बोचकी बांधायला घेतली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "पुढच्या सोमवारी जातो आम्ही. जिन्याखाली गारवा असतो म्हणे."

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत नात बांधावर आली. ओढणीच्या टोकाला पीळ घालत माझ्यासमोर उभी राहिली.

"काका, शुक्रवारी सुनावणी आहे. ज्यांचं चुकीचं ठरलं त्यांच्यासाठी. मी आजीचं नाव दिलंय."

"आजीला माहीत आहे?"

"माहीत असतं तर मी इथे उभी असते का?"

"मग तिथे तूच सांग सगळं. गुडघ्याचं, भिंत धरून चालायचं."

"घरच्यांचं धरत नाहीत. लगतच्या शेजाऱ्यांनीच सांगायचं, तेही सगळ्यांसमोर. तुम्ही सांगाल का?"

माझं घर ओढ्यापलीकडे. माझं बोलणं कोण धरणार? मी तिला म्हटलं, "तू जा शाळेत. शेजाऱ्यांना मी बघतो."

संध्याकाळी दुकानात दुकानदार आणि शिंपी दोघांना पकडलं. दोघांनाही आपण काय करून बसलो ते चांगलं कळलं होतं. पाहिजे ते सांगतो म्हणाले. मी म्हटलं, आधी इथेच म्हणून दाखवा.

"म्हणा, आत्यांचा गुडघा वाकत नाही."

दुकानदाराने घसा साफ केला. "आत्यांचा गुडघा..." थांबला. "ताठ आहे."

"वाकत नाही म्हणा."

"मानी गुडघा आहे त्यांचा."

"अहो, गुडघ्याला कसला आलाय मान?"

"तुम्ही समजून घ्या ना, दादा. त्या बाईसमोर असं कसं बोलायचं? आत्या तिथे उभ्या असणार!"

शिंप्याची तऱ्हा तीच. "त्यांना त्रास होतो, पण तो त्या असा सहन करतात, असा सहन करतात..." आणि तिथून तो पुन्हा स्तुतीवर घसरला. मी कपाळावर हात मारला. कितीदा म्हणवून घेतलं. शेवटी दुकानदार एकदा 'वाकत नाही' म्हणाला आणि लगेच दारातून बाहेर डोकावून बघून आला, कोणी ऐकलं तर नाही ना.

उरली गिरणवाली. ती आणि आत्या यांच्यात भिंत एक आणि भांडण रोजचं. गिरणीचं पीठ उडून आत्याच्या वाळत घातलेल्या कामट्यांवर बसायचं, आणि आत्याच्या बांबूचा भुसा गिरणवालीच्या गटारात जायचा. यावरून सुरू झालेलं भांडण दोघींच्या केसांबरोबर पांढरं झालं होतं. गावात आत्याचं कौतुक न करणारं माणूस शोधायचं तर तिच्याकडेच जावं लागे. मला वाटलं, काम झालं.

गिरण पुरानंतर नुकतीच सुरू झाली होती. मोटारीच्या आवाजात ओरडून बोलावं लागत होतं.

"वहिनी, शुक्रवारी शाळेत या. आत्यांबद्दल रोज जे बोलता तेच तिथे ताईंना सांगा."

तिने मोटार बंद केली. "काय?"

मी पुन्हा सांगितलं. ती माझ्याकडे असं बघायला लागली की जणू मी गल्ल्यात हात घातला.

"मी? बाहेरच्या बाईसमोर तिला पांगळी म्हणू? मला काय तसल्यातली समजलात?"

"रोज तर म्हणता."

"रोज तिच्या तोंडावर म्हणते! लोकांना सांगत नाही. फरक कळतो का तुम्हाला?"

"वहिनी, नाहीतर सोमवारी ती जातेय. जिन्याखाली राहायला."

तिने पदराने नाक पुसलं. पीठ होतं, की आणखी काही, मला दिसलं नाही.

"जातेय तर जाऊ दे," म्हणाली. मग पदर झटकत, "मग मी भांडू कोणाशी? या शिंप्याशी? त्याला एक शब्द बोललं की तो माफी मागतो. त्यात काय मजा?"

"मग या ना."

"नाही येणार. सांगितलं ना." आणि तिने मोटार सुरू केली.

शुक्रवारी शाळेच्या व्हरांड्यात सगळं गाव जमलं. ताई बाकावर बसली होती. नातीने आत्याला काहीतरी सांगून आणलं होतं. नाव पुकारल्यावर आत्याने तिच्याकडे असं बघितलं की पोरगी खांबामागे गेली. पण आता मागे फिरलं तर सगळ्यांसमोर दिसलं असतं. म्हणून आत्या ताठ चालत पुढे आली. धुतलेलं लुगडं, केस चापून बसवलेले.

"बसा ना, आजी."

"उभीच बरी आहे."

ताईने दुकानदाराला बोलावलं. तो उठला. माझ्याकडे बघितलं. आत्याकडे बघितलं. तिथेच चुकलं.

"आत्यांचा गुडघा," तो म्हणाला, "म्हणजे तसं बघायला गेलं तर... वयाच्या मानाने, ताई, उत्तम."

मागून कोणीतरी खुसकन हसलं. शिंपी उठला. त्याने डोळे मिटून घेतले, म्हणजे आत्या दिसू नयेत. "त्यांना त्रास आहे," म्हणाला. मी मनात म्हटलं, शाब्बास. "पण तो त्रास असा की दुसरा कोणी असता तर कोसळला असता. आत्या म्हणून उभ्या आहेत! डोंगर आहेत, डोंगर!"

ताईने पेन खाली ठेवलं. बिचारी खरंच गोंधळली होती. "म्हणजे आजींना काम झेपतं. मग हे नाव कोणी दिलं?"

नात खांबामागे रडायच्या बेतात होती. आत्या म्हणाली, "पोरीने दिलं असेल. लहान आहे. काढून टाका," आणि वळली.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत गिरणवाली आली. केसांवर, भुवयांवर पीठ. ताईकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही. सरळ आत्यासमोर जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय गं ए, माझ्या गटारात पुन्हा भुसा टाकलास?"

आत्या थांबली. "भुसा? डोकं फिरलं का तुझं? बांबू आहे कुठे माझ्याकडे? पूर आल्यापासून एक टोपली विणली नाही मी."

"का नाही विणलीस?"

"माझी मर्जी."

"मर्जी म्हणे! विणायला खाली बसावं लागतं."

ताई मध्ये बोलली, "बाई, तुम्ही यांच्या शेजारी राहता का?"

"थांबा हो जरा," गिरणवाली मान न वळवता म्हणाली. "मी तुमच्याशी बोलत नाहीये. आमचं घरचं चाललंय."

ताई हुशार होती. तिने पेन हळूच उचललं.

"सकाळी नळावरून पाणी आणतेस ते पूर्वी दोन खेपांत आणायचीस," गिरणवाली सुरू झाली. "आता अर्धी अर्धी कळशी आणतेस. दारात पोचलीस की आधी भिंत धरतेस, मग उंबरा चढतेस. मला दिसत नाही वाटतं?"

"माझ्या दारात डोळे घालून बसायला तुला लाज नाही वाटत?"

"माझी खिडकी तिथेच आहे, ती काय उलटी लावू? आणि अंथरुणावर झोपतेस कुठे तू? खुर्चीत बसून झोपतेस. खाली पडलीस तर उठता येणार नाही म्हणून. बांधावरून आल्यावर तुझी नात तुझा पाय शेकते आणि तू दातात पदर धरतेस, आवाज येऊ नये म्हणून. आमची भिंत पातळ आहे, महाराणी!"

कोणी हसत नव्हतं. दुकानदाराचं तोंड उघडं होतं. आम्हाला वाटायचं या दोघी वैरिणी. एका माणसाने दुसऱ्याकडे एवढं लक्ष दिलेलं मी तरी कुठे पाहिलं नाही.

आत्याचा चेहरा लाल झाला. "खोटं! सगळं खोटं! मी धडधाकट आहे."

"आहेस ना? मग बस."

"काय?"

"खाली बस. ही काय फरशी आहे समोर. टोपलीवाली आहेस, आयुष्य जमिनीवर बसून काढलंस. बस आणि माझं तोंड बंद कर. एवढं केलंस तर आजन्म तुझ्याशी भांडणार नाही."

आत्याने फरशीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, ती बसेल. हट्टाने बसेल आणि तिथेच मोडेल. मी एक पाऊल पुढे गेलो.

"नाही बसता येत," आत्या म्हणाली. ताईला नाही, गावाला नाही. गिरणवालीला. "नाही वाकत मेला गुडघा. झालं तुझं समाधान?"

"झालं."

"आता तोंडात साखर घाल."

"घालीन. आधी तू त्या खुर्चीवर बस. तुला उभं बघून माझेच पाय दुखले."

व्हरांड्यात असा हशा उसळला की बाजूच्या वर्गातली पोरं खिडकीत आली. शिंपी डोळे पुसत हसत होता. आत्याही हसली, आधी नाकातून, मग सगळी. दोघातिघांनी खुर्ची पुढे केली आणि ती पाय लांब करून बसली. पुरानंतर चार माणसांत बसलेली ती पहिल्यांदाच.

ताई लिहीत होती. लिहून झाल्यावर म्हणाली, "आजी, या महिन्यापासून मदत सुरू होईल. बांधावर यायचं नाही."

"आणि माझा खड्डा? अर्धा राहिलाय तो."

"तो दुसरं कोणी करेल."

"दुसरं कोणी म्हणजे हा करेल," आत्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "ओली माती टाकून भरेल. लक्ष ठेवा त्याच्यावर."

"आणि आजी, घरी बसून काही विणता आलं तर विणा. मदत त्यामुळे बंद होणार नाही."

"खाली न बसता टोपली कोणी विणली आहे का आजवर?"

"मला काय माहीत?" ताई म्हणाली. "मी तर टोपली कधी विणलीच नाही."

हे उत्तर आत्याला फार आवडलं. पुढे कितीतरी दिवस ती सांगायची, ती पोरगी चांगली आहे, येत नाही ते येत नाही म्हणते.

त्या दिवसानंतर सुनावणीची गावाला एक रीतच सापडली. कोणाचं काही अवघड सांगायचं असलं की त्याच्याशी भांडणारा शोधून आणायचा. दम्याच्या आजाराने घरी बसलेल्या गवंड्यासाठी लगतच राहणारा त्याचा साडू आला आणि 'तू कामचुकार नाहीस तर पायऱ्या चढून दाखव' म्हणून त्याच्यावर ओरडला. दुकानदार आणि शिंपी यांनीही एकदा कोणासाठी तरी प्रयत्न केला, पण दोघांना भांडता येईना. एकमेकांना 'अहो तुमचंही बरोबर आहे' म्हणत राहिले. ताईने शेवटी चहा मागवला. ती आता आमच्याकडे आली की बाकावर बसायची आणि म्हणायची, "चला, तुमचं घरचं चालू द्या. मी इथे नाहीच."

शहरातल्या पुतण्याला निरोप गेला की जागेबद्दल उपकार, पण आम्ही येत नाही, तूच सुट्टीत ये. आत्याने सोमवारी बोचकी सोडली. नात परीक्षेला बसली आणि पास झाली. चांगल्या गुणांनी झाली, पण मला त्यातलं फार कळत नाही. पुढे ती नर्सच्या शिक्षणाला गेली, तेही तिच्या मास्तरांनीच मला सांगितलं.

बांधाचं काम संपत आलं तेव्हा मला नवी टोपली हवी होती. दुसरीकडच्या टोपल्यांना मी वैतागलो होतो. सकाळी आत्याच्या दारावरून गेलो. ती उंच स्टुलावर बसली होती, पाय समोर लांब. पुढे एका पाटावर टोपलीचं बूड आणि ते दोन्ही हातांनी दाबून धरलेली गिरणवाली.

"घट्ट धर," आत्या म्हणाली.

"किती घट्ट? हात तुटतील माझे."

"माझे गुडघे इतकी वर्षं तुटले नाहीत."

"तुटला की एक!"

"वाकत नाही. तुटला नाही. बोलायचं तर नीट बोल."

गिरणवालीने मला बघितलं. "मी मदतबिदत करत नाहीये हं, दादा. गिरणीत लाइट नाही म्हणून आले."

मी मान डोलावली. गिरणीची मोटार मागे घरघरत होती, ती तिघांनाही ऐकू येत होती.

टोपली एका बाजूला कलली होती. काठ वरखाली. आत्याने ती हातात फिरवून बघितली, डोळा बारीक केला, कामट्या पुन्हा उसवायला घेतल्या.

"आत्या, अशीच द्या," मी म्हटलं. "कोरड्या मातीला चालेल."

"नाही," आत्या म्हणाली. "शिकतेय अजून. पुढच्या आठवड्यात ये." आणि गिरणवालीला म्हणाली, "तू काय बघतेस? धर."